टक्काभर मेणाचा निर्णय

लाकडावरचा वॉटर-बेस्ड पॉलियुरेथेन (पीयू) सुकला की गिऱ्हाईक आधी त्यावरून हात फिरवून बघतं. तळव्याला गुळगुळीत, किंचित रेशमी लागलं की काम पसंत. लेप बनवणाऱ्यांनाही हे पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे प्रयोगशाळेतसुद्धा पुष्कळदा हा हातच परीक्षक होऊन बसतो. तळव्याला जाणवणारा तो स्पर्श बहुतांशी लेपातल्या मेणाचा असतो. शंभर किलो मालात कोरडं मेण जेमतेम एक-दोन किलो पडतं. फॉर्म्युल्याच्या कागदावर ते शेवटच्या ओळींत येतं आणि त्याची निवडही शेवटी, ‘थोडं स्लिप वाढवा’ एवढ्या एका सूचनेवर उरकली जाते. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. हा लेप कोण, कुठे आणि कसा वापरणार आणि त्यात कोणती उणीव आपण पत्करणार, हे आधी ठरवल्याशिवाय मेण निवडताच येत नाही. आणि ते ठरवताना नमुन्याच्या फळीवर क्षणभर फिरणाऱ्या हाताची नव्हे, तर पुढची दहा वर्षं त्या पृष्ठभागाबरोबर राहणाऱ्या माणसाची बाजू घेतली पाहिजे.

मुळात पॉलियुरेथेनसारख्या चिवट पदार्थाला मेणाची गरज का पडावी? ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली जर्मनीतल्या लेव्हरकुसेनमध्ये हा पदार्थ शोधला. आयसोसायनेट आणि पॉलिऑल यांच्या संयोगातून तयार होणारी त्याची साखळी लवचिक असूनही झिजेला सहजी दाद देत नाही. मात्र ती पाण्यात विरघळत नाही. त्यावर रसायनशास्त्रानं असा तोडगा काढला, की साखळीतच डायमिथिलॉल प्रोपिऑनिक आम्ल गुंफायचं, त्याचे आम्लगट ट्रायइथिलअमाइनसारख्या अल्कलीनं उदासीन करायचे आणि मग ती साखळी पाण्यात पांगवायची. आम्लगटांवर ऋण भार असतो, म्हणून कण एकमेकांना दूर लोटतात आणि नॅनोमीटरमध्ये मोजावे लागणारे हे कण महिनोन्‌महिने पाण्यात पसरलेले राहतात. याला पीयू डिस्पर्शन म्हणतात. त्यामुळे थिनरचा उग्र वास, आगीचा धोका आणि पॉलिश करणाऱ्या कारागिराच्या फुप्फुसावरचा भार बराच कमी झाला. हा लाभ फार मोठा आहे आणि मेणाच्या अडचणी सांगताना तो विसरता कामा नये.

पण त्याची किंमत लेपाच्या घडणीत मोजावी लागते. सॉल्व्हंटमधल्या दोन घटकांच्या पीयूत सुकताना साखळ्या एकमेकींना रासायनिक बंधांनी जोडल्या जातात आणि घट्ट जाळं तयार होतं. एक घटकी पीयू डिस्पर्शनमध्ये पाणी उडून जातं, कण दाटीवाटीनं जवळ येतात, दबतात आणि एकमेकांत मिसळतात. जाळं बहुधा विरळच राहतं. म्हणून उष्णता वाढली की लेप थोडा मऊ पडतो, रंगवलेले दोन पल्ले एकावर एक ठेवले तर चिकटतात, नख ओढलं तर पांढरी रेघ उठते, बुटाच्या टाचेचा काळा डाग धरून ठेवतो. मेण लागतं ते इथे. लेपाच्या आत मजबुती आणणं हे त्याचं काम नाही. लेप आणि जग यांची गाठ पडते त्या अगदी वरच्या पातळीवर त्याला काम करायचं असतं.

हे काम दोन वेगळ्या रीतींनी होतं आणि निवडीचा निम्मा गुंता या दोहोंत गल्लत केल्यानं होतो. पहिल्या रीतीत मऊ, कमी तापमानाला वितळणारं मेण पृष्ठभागावर सरकून तिथे पातळ पापुद्रा धरतं. पाणी थेंबाथेंबानं घरंगळतं, हाताला ओलसर गुळगुळीतपणा लागतो. दुसऱ्या रीतीत कडक मेणाचे कण लेपात जसेच्या तसे राहतात आणि त्यांचा माथा पृष्ठभागाच्या किंचित वर डोकावतो. वर ठेवलेली वस्तू मग लेपावर न टेकता या असंख्य माथ्यांवर टेकते. घर्षण त्यांनी सोसायचं आणि खालचा लेप वाचवायचा. पहिली रीत पाणी अडवण्यात सरस, दुसरी ओरखडा आणि झीज अडवण्यात.

कण वर डोकावतात कसे, हेही समजून घ्यायला हवं. मेण हलकं म्हणून तरंगून वर येतं, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. लाकडावर चौरस मीटरला १२० ग्रॅम लेप मारला तर ओला थर साधारण ११५ मायक्रॉनचा होतो. घन पदार्थ ३५ टक्के असतील तर सुकल्यावर तो ४० मायक्रॉनच्या आसपास उरतो. म्हणजे थर जवळजवळ एक तृतीयांशावर खाली बसतो, आणि जे कण दबू शकत नाहीत ते वरच्या भागात गोळा होऊन उघडे पडतात. म्हणून कणाचा आकार थराच्या जाडीशी ताडूनच ठरवावा लागतो. पातळ थरात मोठा कण घातला तर पृष्ठभाग खरबरीत आणि मंद होतो. जाड थरात अगदी बारीक कणांचं, पाण्यात पांगवलेलं मेण (इमल्शन) घातलं तर बहुतेक मेण खोलवर गाडलं जातं आणि पैसा लेपाच्या पोटात जातो. एका लेपात छान चाललेलं मेण दुसऱ्यात ‘काम करत नाही’ अशी तक्रार येते, तेव्हा मेणाचा दोष असेलच असं नाही. जाडीचा हिशेब चुकलेला असू शकतो.

मेणाकडून मागितल्या जाणाऱ्या गोष्टीही एकमेकींशी भांडतात. ओरखडा न उठणं, झीज कमी होणं, घसरण वाढणं, पल्ले न चिकटणं, पाणी न मुरणं, चकाकी कमी होणं या सहा वेगवेगळ्या मागण्या आहेत. व्यवहारात मात्र त्या सगळ्यांना मिळून ‘स्लिप’ म्हटलं जातं. कपाटाच्या दाराला घसरण चालते. लाकडी जिन्याच्या पायरीला ती चालत नाही. फ्लोअर पॉलिशच्या घसरणीसाठी अमेरिकेत दीर्घकाळ वापरात असलेल्या चाचणीत स्थिर घर्षणांक किमान ०.५ असावा, असा दंडक आहे. हा आकडा पाय घसरून मोडणाऱ्या हाडांकडे बघून धरलेला असतो. आपल्याकडे घरात अनवाणी वावर असतो, फरशी रोज ओल्या फडक्यानं पुसली जाते आणि घरात म्हातारी माणसं असतात. अशा घरातल्या लाकडी जमिनीसाठी नमुन्याच्या फळीवर सर्वांत रेशमी लागणारा लेप निवडणं हा निष्काळजीपणा आहे. तिथे पॉलिप्रॉपिलीनचं कडक मेण बरं, कारण ते ओरखडे अडवतं आणि तरी पायाची पकड फारशी ढिली करत नाही. हात फिरवून परीक्षा घेणाऱ्याला मात्र ते नापास वाटेल.

म्हणून मेणांची ओळख त्यांच्या जाहिरातीतल्या गुणांपेक्षा त्यांच्या स्वभावावरून करून घ्यावी. पॅराफिन स्वस्त आहे, पाणी छान अडवतं, पण ५० ते ७० अंशांच्या दरम्यान वितळतं आणि मऊ असल्यानं झिजेपुढे टिकत नाही. त्यातही एक अडचण अशी, की ते पृष्ठभागावर पसरतं, म्हणून वरून दुसरा हात मारायचा झाला तर तो धरत नाही. कार्नौबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं मेण. नैसर्गिक मेणांत ते कमालीचं कडक, ८२ ते ८६ अंशांना वितळणारं. त्याच्या बारीक इमल्शननं चकाकी फारशी न घालवता मखमली स्पर्श येतो. फर्निचरच्या चकचकीत टॉपकोटला ते शोभतं. जमिनीच्या रोजच्या तुडवणुकीला ते एकटं पुरत नाही.

कष्टाचं काम पॉलिइथिलीनचं मेण करतं. त्यातही दाट प्रकारचं, १२५ ते १३५ अंशांना वितळणारं मेण झिजेविरुद्ध सर्वांत भरवशाचं. अडचण अशी, की पॉलिइथिलीनला पाणी मुळीच मानवत नाही. म्हणून त्याचं आधी ऑक्सिडीकरण करून साखळीवर आम्लगट आणावे लागतात, मग अल्कली आणि इमल्सिफायर यांच्या साह्यानं ते पाण्यात पांगवता येतं. मेण पाण्याच्या उकळबिंदूच्या वर वितळत असल्यानं हे काम उघड्या भांड्यात होत नाही. दाबाखाली, पाणी १०० अंशांच्या पुष्कळ वर नेऊन ते करावं लागतं. दाट पॉलिइथिलीनच्या चांगल्या इमल्शनची किंमत जास्त असते ती यामुळे. अमाइड मेण साधारण १४० अंशांना वितळतं. ते सँडिंग सीलरला उपयोगी, कारण घासताना सँडपेपर भरत नाही आणि मऊ स्पर्श मिळतो. पण टॉपकोटची झीज रोखायला त्याच्यावर विसंबू नये. पीटीएफई या फ्लोरिनयुक्त प्लास्टिकचा घर्षणांक या सगळ्यांत कमी. ते ३२७ अंशांपर्यंत वितळत नाही. परंतु त्याची घनता २.२ आहे, म्हणून ते तळाला बसतं. त्याचा अपवर्तनांक १.३५, पॉलियुरेथेनचा साधारण १.५. या फरकामुळे पारदर्शक लेपात धूसरपणा येऊ शकतो. म्हणून ते बऱ्याचदा पॉलिइथिलीनच्या कणांवर बसवून विकलं जातं. त्याच्याबद्दल आणखी एक गंभीर गोष्ट आहे, ती पुढे सांगतो.

या यादीतून एक गोष्ट उघड होते. सर्वगुणसंपन्न मेण नाही. दोन मेणांची जोडी लावून उणिवा झाकता येतात. दाट पॉलिइथिलीनचं थोडं इमल्शन झिजेसाठी आणि थोडं कार्नौबा स्पर्शासाठी, ही जोडी लाकडाच्या टॉपकोटमध्ये उगीच रूढ झालेली नाही. पण जोडी लावतानाही आधी ठरवावं लागतंच, की चकाकी किती गेली तर चालेल, दुरुस्तीच्या वेळी वरचा हात धरला पाहिजे की नाही, पाय घसरला तर कोण पडणार आहे.

मेणाचा प्रकार ठरला म्हणजे निवड झाली असं मानणं ही आणखी एक घाई. बाटलीतून येतं ते नुसतं मेण नसतं. त्यात मेण, पाणी आणि त्यांना एकत्र नांदवणारा इमल्सिफायर असतो. पीयू डिस्पर्शनचे कण ऋणभारित असतात. त्यात धनभारित इमल्सिफायर असलेलं मेण घातलं तर डब्यात गुठळ्या होतात, कधी लगेच, कधी गोदामात महिन्याभरानं. पीयूचा सामू बहुधा ७ ते ९ च्या दरम्यान असतो. मेणाचं इमल्शन त्याच्याशी जुळणारं हवं. भार नसलेला इमल्सिफायर डब्यात शांत राहतो, पण सुकलेल्या लेपात मागे उरतो आणि पाण्याला वाट करून देतो. ओला ग्लास ठेवला की पांढरं वर्तुळ उठतं आणि दोष मात्र पीयूला दिला जातो. तेव्हा पुरवठादाराला मेणाचं नाव विचारण्याबरोबर इमल्सिफायर कोणता, किती आणि कोणत्या भाराचा, हेही विचारलंच पाहिजे. याचं उत्तर टाळणाऱ्याचा माल घेऊ नये.

कणाच्या आकाराचा परिणाम डब्यातही दिसतो. स्टोक्सच्या नियमानुसार द्रवात कण वर चढण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पॉलिइथिलीनची घनता ०.९५ आणि लेपाची १.०५ धरली आणि लेपाचा घट्टपणा (विष्यंदिता) पाण्याच्या शंभरपट मानला, तर १० मायक्रॉनचा कण दिवसाला सुमारे ५ मिलिमीटर वर चढतो. एका महिन्यात तो डब्याच्या तोंडाशी येतो. १ मायक्रॉनचा कण त्याच वेळात दीड मिलिमीटरही सरकत नाही. म्हणून भुकटीरूपातलं मोठ्या कणांचं मेण वापरायचं असेल तर लेपाला स्थिर असतानाचा दाटपणा देणारा थिकनर हवा, आणि डब्यावर ‘वापरण्यापूर्वी नीट ढवळा’ हे नुसतं छापून भागत नाही. पॉलिशवाला डबा न ढवळता वरचा अर्धा भाग एका घरात आणि खालचा दुसऱ्या घरात वापरेल, हे गृहीत धरूनच निवड करावी. कामाच्या जागी माणूस जसा वागतो तसा तो वागणार. रसायनानं ते सोसलं पाहिजे.

आता हवामानाकडे वळू. बहुतेक मेणांच्या माहितीपत्रकांतले आकडे २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेला घेतलेले असतात. आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी ही प्रमाण परिस्थिती योग्यच आहे. पण मुंबईच्या जुलैत आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असते आणि नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. दमट हवेत लेपातलं पाणी सावकाश उडतं. कण एकत्र मिसळावेत म्हणून घातलेला सह-द्रावक त्या मानानं आधी निघून जाऊ शकतो, आणि मग लेप नीट जुळून येत नाही. थर खाली बसण्याचा वेग बदलला की मेणाचे कण कुठे आणि किती उघडे पडतील तेही बदलतं. तोच डबा जानेवारीत चकचकीत आणि जुलैत मंद दिसतो तो यामुळे. दुसऱ्या टोकाला, उन्हाळ्यात बंद ट्रकमध्ये किंवा पत्र्याच्या गोदामात तापमान इतकं चढतं, की पॅराफिनच्या जातीचं मेण मऊ पडतं. एकावर एक रचलेली दारं चिकटतात, त्यांच्यामधल्या कागदाचा ठसा उमटतो. २३ अंशांना उत्तीर्ण झालेलं मेण इथे नापास झालं तर त्यात आश्चर्य काहीच नाही. प्रश्नच वेगळा होता. म्हणून आपल्या हवामानात होणाऱ्या परीक्षेशिवाय मेणाची निवड पूर्ण झाली असं मानू नये, असं मी आग्रहानं म्हणतो.

या म्हणण्याला तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्ही विचारात घेण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप असा, की एवढी मेणाची उठाठेव कशाला, पीयूच कडक करा. जाळं घट्ट करणारं क्रॉसलिंकर घातलं की लेप आपोआप टिकेल. यात तथ्य आहे. रासायनिक डाग, उष्णता आणि पाणी यांच्यासमोर घट्ट जाळ्याला पर्याय नाही, आणि कमकुवत लेप मेणानं मजबूत होत नाही. पण कडकपणा आणि कमी घर्षण हे दोन निराळे गुण आहेत. कडक लेपावरही वाळूचा कण ओढला की रेघ उठते; फरक एवढाच, की ती बारीक आणि ठसठशीत दिसते. लेप फार कडक केला तर हंगामानुसार फुगणाऱ्या-आकसणाऱ्या लाकडावर तो तडकतो. शिवाय ॲझिरिडीनसारखी क्रॉसलिंकर हाताळणाऱ्याच्या आरोग्याला धोक्याची असतात, आणि ती कामाच्या जागी मोजून मिसळायची जबाबदारी बहुधा हातमोजेही न मिळालेल्या कारागिरावर येते. चांगला पीयू हवाच, पण त्यानं मेणाचा प्रश्न मिटत नाही.

दुसरा आक्षेप सिलिकोनवाल्यांचा. त्यांच्या म्हणण्यानुसार मेणाच्या कितीतरी कमी मात्रेत सिलिकोन जास्त घसरण देतं, चकाकीही घालवत नाही. हलक्या स्पर्शापुरतं हे खरं आहे. सिलिकोनचे रेणू पृष्ठभागावर पसरून घर्षण कमी करतात, पण वस्तू आणि लेप यांच्यात अंतर राखणारे कण त्यात नसतात. दाब वाढला, घासणं वारंवार होऊ लागलं की मेणाचे कण जे काम करतात ते त्याला जमत नाही. आणि त्याचा उपद्रव जागेपुरता राहत नाही. चुकीच्या जातीचं किंवा जास्त सिलिकोन पडलं तर लेपात खड्डे पडतात, वरचा हात धरत नाही, आणि एका टाकीतलं सिलिकोन पुढच्या कितीतरी बॅचेसना बाधू शकतं. त्याला मर्यादित जागा आहे. मेणाचा सोपा पर्याय म्हणून ते वापरणं हा दुरुस्तीचा खर्च पुढच्या कारागिराच्या गळ्यात मारण्याचा प्रकार आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत जवळचा आणि सर्वांत वाजवी. लघुउद्योगाला एवढ्या चाचण्या परवडतात कुठे? टेबर झिजेचं यंत्र, ग्लॉसमीटर, घर्षणमापक ही सगळी महागाची उपकरणं. पण निवड सुधारायला पहिल्या दिवशी ती सगळी लागत नाहीत. ५० अंशांवर चालणारी भट्टी जवळपास प्रत्येक कारखान्यात असते. लेप लावलेले दोन तुकडे तोंडाला तोंड लावून, वर वजन ठेवून एक दिवस त्या भट्टीत ठेवले की पल्ले चिकटतील का ते कळतं. बंद डबा तिथेच महिनाभर ठेवला की गुठळ्या आणि वर आलेलं मेण दिसतं. काचेवर ओढलेला थर खड्डे आणि धूसरपणा दाखवतो. जुन्या थरावर नवा हात मारून ब्लेडनं चौकटी पाडायच्या आणि चिकटपट्टी ओढायची, की वरचा हात धरतो का याचं उत्तर मिळतं. ओलं फडकं आणि गरम चहाचा कप तर घरोघरी आहेत. उतरती फळी आणि तळाला चामडं लावलेलं वजन घेतलं की दोन मेणांच्या घसरणीची तुलना होते. उलट महागड्या यंत्राचा आकडाही डोळे मिटून घेऊ नये. टेबर यंत्राच्या खरखरीत चाकावर मेण लिंपलं गेलं की ते चाक कमी घासतं आणि लेप आहे त्यापेक्षा टिकाऊ भासतो. चाक वेळोवेळी साफ केलं नाही तर हजार फेऱ्यांनंतरचं वजनही दिशाभूल करतं. यंत्रापेक्षा प्रश्न नेमका असणं जास्त महत्त्वाचं.

आता पीटीएफईची बाकी राहिलेली गोष्ट. सुकलेल्या लेपातलं पीटीएफई निष्क्रिय असतं, त्यानं वापरणाऱ्याला थेट अपाय होतो असं नाही. प्रश्न आहे तो ते कुठून येतं आणि पुढे त्याचं काय होतं याचा. ते बनवताना अनेक दशकं पीएफओए हे रसायन वापरलं गेलं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळ ड्यूपॉन्टच्या कारखान्यातून ते ओहायो नदीत आणि लोकांच्या पिण्याच्या पाण्यात गेलं. त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यामुळे नेमलेल्या वैज्ञानिक समितीनं मूत्रपिंड आणि वृषणाच्या कर्करोगासह सहा विकारांशी त्याचा संबंध असण्याची शक्यता नोंदवली. २०१९ साली पीएफओए चिवट प्रदूषकांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत आलं. पीटीएफईची बारीक भुकटी करण्यासाठी साखळ्या किरणोत्सर्गानं तोडल्या जातात, त्यातही पीएफओए तयार होऊ शकतं. २०२३ साली जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे या पाच देशांनी अशा सर्व फ्लोरिनयुक्त, निसर्गात न विघटणाऱ्या रसायनांवर युरोपभर निर्बंध आणण्याचा प्रस्ताव मांडला.

हा प्रश्न परक्या भूमीवरचा मानून आपल्याला बाजूला सारता येणार नाही. इटलीत व्हिचेंझाजवळच्या त्रिस्सिनो गावातला मिटेनी हा फ्लोरिन-रसायनांचा कारखाना व्हेनेतो प्रांतातलं भूजल दूषित करून २०१८ साली दिवाळखोरीत निघाला. २०२५ साली तिथल्या न्यायालयानं त्याच्याशी संबंधित ११ जणांना दोषी ठरवलं. त्या कारखान्याची यंत्रसामग्री दरम्यान रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आली. तिथे पीटीएफईचं मेण बनतं असं मी म्हणत नाही. माझा मुद्दा एवढाच, की युरोप जी रसायनशाखा मोडीत काढू पाहतो ती आपल्या दाराशी येते, आणि तिला मागणी आहे की नाही हे ठरवणाऱ्यांत लेपाचा फॉर्म्युला लिहिणारा प्रत्येक जण असतो. घर्षण आणखी थोडं कमी व्हावं म्हणून घरातल्या टेबलावर पीटीएफई घालण्याची गरज मला दिसत नाही. दाट पॉलिइथिलीन आणि कार्नौबा यांची जोडी ते काम पुरेसं करते.

याचा अर्थ ‘नैसर्गिक’ लिहिलेलं सगळं निर्दोष, असाही नाही. कार्नौबाच्या पानांची तोडणी पियाउई आणि सिआरा या राज्यांत कडक उन्हात, हातानं होते, आणि ब्राझीलच्या श्रम निरीक्षकांना तिथे मजूर गुलामीसारख्या अवस्थेत राबताना पुन्हा पुन्हा आढळले आहेत. मेण झाडाचं आहे एवढ्यानं ते स्वच्छ होत नाही. ते कुणाच्या कोणत्या मजुरीतून आलं, हे विचारावं लागतं. पुरवठादार तोडणीपर्यंतचा माग देत असेल तर त्याला जास्त पैसे मोजावेत.

इथे आपल्या हाताशी असलेली एक वाट दुर्लक्षित आहे. तांदळाच्या कोंड्याचं तेल शुद्ध करताना ८० अंशांच्या आसपास वितळणारं कडक मेण बाजूला निघतं. साखर कारखान्यातल्या प्रेसमडमध्ये, म्हणजे रस गाळून उरलेल्या गाळात, उसाचं मेण असतं, आणि महाराष्ट्रात प्रेसमडला तोटा नाही. ही मेणं कार्नौबाची जागा जशीच्या तशी घेतील असा दावा मी करणार नाही. कच्च्या उसाच्या मेणात रंग आणि चरबी असते, ती काढावी लागते. इमल्शन स्थिर ठेवणं हे वेगळं कौशल्य आहे. पण हे प्रश्न सुटण्याजोगे आहेत. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी सरफेस कोटिंगचं शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या दिलं जातं. तिथल्या विद्यार्थ्यांनी आणि साखर कारखान्यांनी एकत्र येऊन हा अभ्यास नेटानं केला, तर आयातीवर आणि परक्या मजुराच्या हालअपेष्टांवर विसंबून राहण्याची गरज कमी होईल.

माझं सांगणं कारखान्यातल्या तरुण तंत्रज्ञांना आहे. मेणाचा नमुना मागवण्याआधी कागदावर पाच गोष्टी लिहा. हा पृष्ठभाग कशाला घासणार आहे, त्याला किती उष्णता आणि पाणी सोसायचं आहे, कोरडा थर किती जाडीचा असेल, त्यावर पुन्हा हात मारावा लागणार आहे का, आणि घसरण वाढली तर कुणाला इजा होऊ शकते. त्यांची उत्तरं मिळाली की निम्मी मेणं आपोआप गळतील. उरलेल्यांची परीक्षा आपल्या भट्टीत, आपल्या पावसाळ्यात आणि आपल्या लाकडावर घ्या. मात्रा कमीत कमी ठेवून सुरुवात करा आणि दोष दिसेल तसाच नोंदवून ठेवा. कुठून येतं हे ठाऊक नसलेलं मेण स्वस्त असलं तरी नाकारा. हाताला किंचित कमी रेशमी वाटणारा पण दहा वर्षं इमानानं टिकणारा लेप गिऱ्हाइकाला समजावून विकणं, हे काम अवघड असलं तरी तुमचंच आहे.